दीर्घकाळ टिकलेल्या महापौराची कारकीर्द कशी लिहावी

सरावासाठी शिकागोचे रिचर्ड जे. डेली घ्या. 20 एप्रिल 1955 पासून 20 डिसेंबर 1976 ला मृत्यू येईपर्यंत ते महापौर होते. सलग सहा निवडणुका जिंकल्या. अशा माणसावर लिहिताना हात आपोआप पूल, रस्ते आणि उद्घाटनांकडे वळतो. ती यादी शेवटी ठेवा.

आधी नाव पक्कं करा. मुलगा रिचर्ड एम. डेली 1989 ते 2011 महापौर होता, म्हणजे बापाहूनही जास्त काळ. कात्रणांत दोघंही नुसते ‘मेयर डेली’. प्रत्येक टिपणावर साल टाका, नाहीतर घोळ ठरलेला.

मग पदाचे अधिकार कायद्यात पाहा. आपल्याकडे महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि सभा चालवतो. प्रशासन राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे. शिकागोत मतदार महापौराला थेट चार वर्षांसाठी निवडतात, पण कागदावर तिथेही 50 नगरसेवकांची परिषदच वरचढ. मग डेलींची ताकद आली कुठून? हे सांगता आलं नाही तर बाकीचा लेख फुकट.

त्यासाठी कोरा कागद घेऊन तीन रकाने आखा: साल, सरकारी पद, पक्षातलं पद. 1936 राज्य विधानसभा, 1938 राज्याचं सिनेट (वरचं सभागृह), 1946 शेरीफच्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, त्याचा पोलिसप्रमुख) निवडणुकीत पराभव (हा गाळायचा मोह होतो, गाळू नका), 1950 काउंटी क्लार्क (काउंटीच्या नोंदी सांभाळणारं, निवडून येणारं पद). आता तिसरा रकाना बघा: 1953 पासून कुक काउंटीच्या (शिकागो हिच्यातच येतं) डेमोक्रॅटिक पक्षाचं अध्यक्षपद, आणि महापौर झाल्यावरही ते सोडलेलं नाही. उमेदवारी आणि नगरपालिकेतल्या नोकऱ्या एकाच हातात आल्या. वॉर्डातला कार्यकर्ता मतं आणायचा, त्यावर त्याची नोकरी टिकायची. परिषद मान डोलवायची ती यामुळे.

निवडणुकांत फक्त अंतिम निकाल लिहिणं ही नेहमीची चूक. 1955 मधली कठीण लढत पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत होती, स्वपक्षाचेच विद्यमान महापौर मार्टिन केनेली यांच्याविरुद्ध.

आता कामं. प्रत्येक कामापुढे मंजुरी कधी, पैसा कोणाचा आणि पूर्ण कधी, हे तिन्ही लिहा. निम्मं श्रेय तिथेच गळून पडतं. द्रुतगती मार्गांना 1956 च्या कायद्याने केंद्राचा पैसा मिळाला. ओहेअर विमानतळाची जागा शहराकडे डेलींच्या आधीच आली होती. शिवाय कामाचा भोग कोणाला, तेही लिहा. 1962 ची रॉबर्ट टेलर होम्स ही सरकारी घरांची वसाहत म्हणजे 16 मजल्यांच्या 28 इमारती, रहिवासी जवळपास सगळे कृष्णवर्णीय; वस्त्यांची वंशानुसार जुनी विभागणी तिने आणखी घट्ट केली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1966 मध्ये शिकागोत घरांसाठी आंदोलन का केलं, ते मग वेगळं समजवावं लागत नाही. 1968 च्या दंगलीनंतरचा जाळपोळ करणाऱ्यांवर ‘जिवे मारण्यासाठी गोळी’चा आदेश आणि त्याच वर्षीच्या पक्ष-अधिवेशनाबाहेरचा लाठीमार तारखांसह द्या, विशेषणं नकोत.

1976 वर थांबू नका. राजकीय कारणावरून नोकरीवरून काढण्याला 1972 च्या शॅकमन खटल्यातल्या न्यायालयीन आदेशाने आळा बसू लागलाच होता. वारसदार मायकेल बिलँडिक 1979 च्या प्राथमिक फेरीत जेन बर्न यांच्याकडून हरले. त्या हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वेळेत हटला नव्हता.