शेजारच्या घरात विकेट आधी पडत असेल तर

क्रिकेट केबलवरून ॲपवर आलं आणि आमच्या लालबागच्या चाळीत नवाच त्रास सुरू झाला. समोरच्या खोलीत केबल आहे. तिथे आरडाओरडा झाला की कळतं, विकेट पडली. आमच्या टीव्हीवर बोलर अजून धावतोच आहे. ॲप सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत आणतं आणि थोडा साठा करून मगच दाखवतं. हा उशीर पूर्ण जात नाही, पण बराच कमी करता येतो.

1. पडद्यावर ‘लाइव्ह’ असं बटण असतं, ते दाबा. सामना एकदा जरी अडकला किंवा तुम्ही थांबवला, तरी तेवढे मागे पडता आणि बहुतेक वेळा तसेच मागे राहता. आमचा निम्म्याहून जास्त उशीर इथेच होता.
2. बटण दिसत नसेल तर ओव्हर संपल्यावर बाहेर पडून सामना पुन्हा उघडा.
3. राउटर जवळ असेल तर टीव्हीला लॅन केबल जोडा. चाळीत घराला घर लागून, सगळ्यांचं वाय-फाय एकमेकांत घुसतं. केबल जमत नसेल तर वाय-फायचं 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, त्या पट्ट्यात गर्दी कमी असते.
4. स्कोअरच्या ॲपची नोटिफिकेशन बंद ठेवा.

भारताचे बरेच वनडे आणि टी-20 सामने 2007 च्या कायद्यामुळे (खासगी वाहिन्यांना असे सामने दूरदर्शनलाही द्यावे लागतात) डीडी फ्री डिशवर मोफत दिसतात, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. आयपीएल मात्र त्यात धरू नका.