टर्कीच्या शिकारीपूर्वी शॉटगनचा पॅटर्न कसा तपासावा

टर्कीवर नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर, कारण दाट पिसे आणि छातीचा जाड स्नायू यांत छर्रे अडतात आणि जखमी झालेला पक्षी झाडीत निसटून जातो. हे लक्ष्य दोन-तीन बोटे रुंद असते व सतत हलत असते. त्यामुळे आपली बंदूक चाळीस यार्डांवर छर्रे कोठे टाकते आणि किती दाट टाकते, म्हणजेच तिचा पॅटर्न, हंगामापूर्वी कागदावर पाहिल्यावाचून रानात जाणे मी अन्यायाचे समजतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई आहे. हा लेख अमेरिकेत रीतसर परवाना काढून वसंत ऋतूतील टर्कीच्या हंगामाला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि दर मार्चमध्ये दोन सकाळी याच कामासाठी राखून ठेवतो.

कानांचे व डोळ्यांचे संरक्षण, बंदूक रिकामी करूनच चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छऱ्यांचा झोत आवळणारा तुकडा) बदलणे, या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे मी धरतो. कागद किमान तीन फूट लांब-रुंद व कोरा असावा आणि मधोमध तीन इंचांचा काळा ठिपका काढावा. टर्कीचे रंगीत चित्र छापलेला कागद सुरुवातीला वापरू नये. त्यावर नजर चित्रातल्या भोकांवर खिळते आणि उरलेले छर्रे कोठे गेले हे कळतच नाही.

चोक आणि काडतूस यांची जोडी मात्र स्वतःच शोधावी लागते. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे ०.७२९ इंच असतो आणि टर्कीसाठीचे चोक तो ०.६६ ते ०.६७ इंचांपर्यंत आवळतात. चोक जितका आवळ तितका पॅटर्न दाट, हा सल्ला मी असंख्य वेळा ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. प्रमाणाबाहेर आवळलेल्या चोकमधून पॅटर्नमध्ये मोकळ्या जागा पडतात. छऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक; शिशाच्या पाच नंबरच्या छऱ्यांचे एका औंसात सुमारे १७० दाणे बसतात, सहा नंबरचे सुमारे २२५. टंगस्टनचे नवे छर्रे शिशाहून दीडपटीपेक्षा अधिक घन असल्याने नऊ नंबरचा बारीक दाणाही पुरेसा खोल जातो आणि एका औंसात साडेतीनशेहून अधिक दाणे मावतात, पण त्यांची किंमत फार आहे. अनेक राज्यांत चार नंबरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही, म्हणून खरेदीआधी आपल्या राज्याचे नियम वाचावेत. पोलादी छर्रे अशा आवळ चोकमधून उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय उडवू नयेत. एकसंध गोळीचे काडतूस तर कधीच नाही.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः दोन हंगाम वाया घालवले, त्याकडे येतो.

बहुतेक जण चाळीस यार्डांवरून बार काढतात, छर्रे जेथे सर्वात दाट पडले तेथे दहा इंचांचे वर्तुळ आखतात, त्यातली भोके मोजतात आणि शंभराच्या वर आकडा गेला की समाधानाने घरी जातात. मीही हेच करत असे. माझ्या वर्तुळात १२० च्या आसपास छर्रे पडत, आणि तरीही पस्तीस यार्डांवर स्तब्ध उभा असलेला नर माझ्या बारानंतर उडून गेला. पुढच्या वर्षीही तेच घडले. जुने कागद पुन्हा पसरून पाहिले तेव्हा कळले की ते दाट वर्तुळ काळ्या ठिपक्याच्या सहा इंच वर होते आणि मी ते अंतर कधी मोजलेच नव्हते.

म्हणून प्रत्येक कागदावर दोन वर्तुळे आखावीत: एक दाट भागाभोवती, दुसरे काळ्या ठिपक्याभोवती. पहिल्या वर्तुळातील आकडा चोक आणि काडतूस यांची जोडी कशी आहे ते सांगतो. दोन्ही केंद्रांमधील अंतर बंदूक आणि तुमचे शरीर यांचा मेळ कसा आहे ते सांगते. रानात पक्ष्याला लागतात ते फक्त दुसऱ्या वर्तुळातले छर्रे. एका कागदावर विश्वास ठेवू नये. त्याच जोडीचे तीन बार तीन वेगळ्या कागदांवर काढावेत.

केंद्र वर सरकण्याचे सर्वात सामान्य कारण म्हणजे दस्त्यावरून उचललेला गाल. नुसती माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) असलेल्या शॉटगनला मागचा नेमदर्शक नसतो; तुमचा डोळाच ते काम करतो. डोळ्यापासून माशीपर्यंत सुमारे छत्तीस इंच धरले, तर डोळा एक अष्टमांश इंच वर गेल्याने चाळीस यार्डांवर पॅटर्न सुमारे पाच इंच वर जातो. टेबलावर टेकून मारताना टर्कीच्या जड काडतुसाच्या धक्क्याला घाबरून गाल नकळत उचलला जातो. त्यावर माझे उपाय दोन आहेत. एका बैठकीत सहापेक्षा अधिक जड बार काढू नयेत. आणि सोबत्याने मधूनमधून, तुम्हाला न सांगता, सरावाचे खोटे काडतूस भरावे. चाप ओढल्यावर बार झाला नाही आणि नळी तरीही दचकली, तर दोष बंदुकीत नाही.

टेबलावरची खात्री झाल्यावर जमिनीवर बसावे, पाठ खांबाला टेकावी, बंदूक गुडघ्यावर ठेवावी, शिकारीचे जाकीट व चेहऱ्याची जाळी चढवावी आणि पुन्हा तीन बार काढावेत. जाड जाकिटामुळे दस्ता खांद्यावर वेगळा बसतो आणि केंद्र पुन्हा हलू शकते. हे टाळून केलेली तपासणी मी अपुरी मानतो.

अंतर तरीही राहिले तर दुरुस्ती सोपी आहे. हलवता येणारा मागचा नेमदर्शक ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला पॅटर्न जातो. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारा नेमदर्शक) असेल आणि त्याची प्रत्येक टिक एक एमओएची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची असेल, तर चाळीस यार्डांवरील सहा इंचांसाठी सुमारे चौदा टिका लागतात. ढोबळ जुळणी हलक्या काडतुसांनी करावी, पण अखेरची नेहमी शिकारीच्याच काडतुसांनी, कारण वजन आणि वेग बदलला की केंद्रही बदलते.

शेवटी पंधरा, वीस आणि तीस यार्डांवरून एकेक बार काढावा. पंधरा यार्डांवर पॅटर्न मोसंब्याएवढाच भरतो, तेथे जराशी चूकही पूर्ण नेम चुकवते. मग ठिपक्याभोवतीच्या वर्तुळात शंभर छर्रे जेथपर्यंत भरतात ते अंतर आपली मर्यादा म्हणून दस्त्यावरच्या चिकटपट्टीवर लिहावे. माझ्या बंदुकीवर ३८ लिहिलेले आहे. झाडाला पाठ लावून बसलो की मादीचा आवाज काढण्याआधी मी अंतरमापकाने ३८ यार्डांवरचे एक झाड हेरतो, आणि त्या झाडापलीकडे थांबलेल्या पक्ष्यावर बंदूक उचलत नाही.