रोहिणीतच तिफण दुकानात न्या, आणि सांधा कोणत्या गॅसवर मारणार ते विचारा

दरवर्षी हेच पाहतो. रोहिणी नक्षत्रात पेरणीची तिफण गोठ्याच्या भिंतीला टेकून असते. मृगाचा पाऊस पडून वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की त्याच सकाळी सगळा गाव वेल्डिंगच्या दुकानापुढे उभा. वादळाने लाइट गेलेली, म्हणजे विजेवरचं आर्क वेल्डिंग बंद. ॲसिटिलीनची टाकी संपत आलेली. मग कारागीर घाईत एलपीजीवर सांधा मारून देतो आणि तो पेरणीच्या चार ओळी मारेपर्यंत सुटतो. फण (तिफणीचा जमिनीत जाणारा दाता) लोंबतो, बी उघडं पडतं, वाफसा उडून जातो. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर आणि सोयाबीन 15 जुलैनंतर पेरू नये अशी शिफारस आहे. दुरुस्तीत गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत.

गॅसवर लोखंड लोखंडाला जोडायचं तर ॲसिटिलीनच. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत 3100 अंशांच्या वर जाते आणि वितळलेल्या धातूला हवेपासून झाकून ठेवते. एलपीजीची ज्योत सुमारे 2800 अंशांची, पण तिला हे झाकणं जमत नाही. सांध्यात छिद्रं राहतात, तो ठिसूळ होतो. एलपीजीवर पितळेची काडी वापरून ब्रेझिंग, म्हणजे लोखंड न वितळवता पितळ वितळवून जोडणं, मात्र चांगलं होतं.

कापायला एलपीजी पुरे. तापलेलं लोखंड खरं तर ऑक्सिजनच्या झोतात जळून कापलं जातं. एलपीजीवर तापायला थोडा वेळ लागतो, ऑक्सिजन जास्त जातो आणि नोझल वेगळं लागतं, इतकंच. ‘खास मिश्रणाचा’ महाग कटिंग गॅस कुणी गळ्यात मारत असेल तर 10-12 मिमीच्या पट्टीसाठी तो घेऊ नका. साधी व्यावसायिक टाकी बस. घरगुती 14.2 किलोची टाकी दुकानात वापरणं बेकायदा आहे.

ॲसिटिलीनची टाकी उभीच ठेवा, तिच्यात ॲसिटोन असतं. रेग्युलेटरमधून बाहेर येणारा तिचा दाब 1 किलोच्या (दर चौ. सेंमी) वर नेऊ नका. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लागू देऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खड्ड्यात साचतो. कडब्याच्या गंजीजवळ काम नकोच. डिझेलच्या किंवा औषधाच्या रिकाम्या डब्याला ज्योत लावू नका.

सांधा गरम असताना पाणी मारू नका. निवल्यावर हातोडीने ठोका. आवाज बद आला तर मी तो पुन्हा मारून घेतो. शास्त्र विचाराल तर माहीत नाही, पण माझा कान फारसा चुकलेला नाही. रोटाव्हेटरची मोडलेली पाती जोडू नका, बदला.

बाकीची कामं: फाळ पाजवणे, वखराची पास (पातं) बदलणे, नट-बोल्ट आवळणे, बेअरिंगला ग्रीस, चाडं (बी सोडायचं भांडं) आणि नळ्या साफ.

मग तिफण बांधावर रिकामी ओढून पाहा. फण 3 ते 5 सेंमी जातो का, आणि बी घालून एकरी 30 किलो सोयाबीन पडतं का, हे पेरणीजोगा 75 ते 100 मिमी पाऊस होण्याआधीच कळायला हवं.