घरशाळेसाठी ख्रिस्ती पुस्तकं आणि इतिहास निवडताय? या चुका टाळा

दर मे महिन्यात माझा फोन वाजायला लागतो. "ताई, जूनपासून मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंय. ख्रिस्ती पुस्तकांची आणि इतिहासाची यादी पाठवा ना, आजच मागवते." मुलं केवढी आहेत, घरात कोणती भाषा बोलली जाते, आजी-आजोबा कुठले, यातलं काही कळायच्या आत यादी हवी असते. माझी दोन्ही मुलं घरीच शिकली. गेली बारा वर्षं पुण्यातल्या दहा-पंधरा कुटुंबांना मी पुस्तकं निवडायला मदत करते आहे. त्याच त्या चुका दरवर्षी बघून जीव तुटतो, कारण भोगावं मुलांना लागतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

परदेशातून आलेला संच जसाच्या तसा सुरू करणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केली आहे. थोरला आठ वर्षांचा असताना दिरांनी अमेरिकेहून येताना दोन बॅगा भरून संच आणला. वर्षभराचे धडे, रोजचं वेळापत्रक, शिक्षकाची वही, सगळं तयार. मला केवढा दिलासा वाटला होता! दहा महिने आम्ही तो इमानेइतबारे शिकलो. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेले यात्रेकरू, त्यांचा पहिला हिवाळा, १७७६ची स्वातंत्र्याची घोषणा, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं. भारत त्या पुस्तकात एकदाच आला, इंग्रज मिशनरी विल्यम केरीच्या धड्यात.

नाताळात नगरला सासरी गेलो. सासरे निवृत्त शिक्षक, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, जुने वडीलधारे. जेवताना त्यांनी नातवाला सहज विचारलं, "आपल्याकडे ख्रिस्ती मंडळी कशी आली रे?" तो लगेच म्हणाला, "इंग्रजांनी आणली, आबा. त्यांचं राज्य होतं ना." आबांचा घास हातातच राहिला. ते रागावले नाहीत, पण जेवण होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी ताटाकडे बघत बसले. दहा महिने मुलाला रोज ख्रिस्ती इतिहास शिकवला होता, आणि त्यात त्याचं स्वतःचं घर कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबा त्याला घेऊन शहरात फिरले. ह्यूम चर्च दाखवलं, जुनी दफनभूमी दाखवली, आणि चालता चालता जे सांगितलं ते मी मागून ऐकत होते. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते, व्यापारात अडचण होईल म्हणून. केरीने १८०० साली बंगालातल्या श्रीरामपूरला बस्तान बसवलं ते तिथे डेन्मार्कचा अंमल होता म्हणून. अमेरिकेहून आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याला उतरले तर कंपनी सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला. ते तिथून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, तर तिथेही हद्दपारीची टांगती तलवार. कंपनीच्या मुलखात मिशनरींना रीतसर वाट मोकळी झाली ती त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं १८३१ साली. आणि केरळातल्या मंडळ्या तर इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीच्या. एवढं सगळं एका सकाळी, पायी फिरता फिरता.

तो संच वाईट होता असं मी म्हणत नाही. तो अमेरिकेतल्या मुलासाठी लिहिलेला होता आणि तिथे तो चांगलाच चालत असणार. चूक माझी. तयार मिळालं म्हणून मी विचार करणं थांबवलं.

आता माझी सवय अशी आहे. पुस्तकं घेण्याआधी वाण्याकडचा खाकी कागद आणायचा, लांब पट्टी कापायची आणि भिंतीवर चिकटवायची. दर शतकाला एक वीत. पहिल्यांदा घरच्या माणसांच्या तारखा भरायच्या, म्हणजे पणजोबांचा बाप्तिस्मा, आजीची शाळा. मग गावाच्या, मग महाराष्ट्राच्या, मग जगाच्या. दोन पेनं वापरायची. कागदोपत्री पुरावा असेल ते काळ्या शाईने, परंपरेने चालत आलेलं हिरव्या पेन्सिलीने. येशूचा शिष्य संत थोमा इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरला, हे हिरव्याने. सहाव्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात 'कल्लियाना' गावी बिशप असल्याची नोंद आहे, ती काळ्याने. पण ते गाव म्हणजे आपलं कल्याण, हे हिरव्याने. १३२१ साली ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी, काळ्याने. दहा वर्षांच्या मुलाला एवढं समजतं. विश्वासाची गोष्ट आणि नोंदीची गोष्ट यांतला फरक त्याला लहानपणीच कळतो, आणि दोन्हींचा मान राहतो.

परदेशी संच घेतलाच असेल तर टाकू नका. पट्टी आधी, संच नंतर. आणि अमेरिकेचा भाग येईल तेव्हा पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवर लिहिलेलं मराठी पुस्तक शेजारी ठेवा. ते १८८९चं आहे. रमाबाई तो देश डोळसपणे बघतात, बायकांच्या शिक्षणाचं आणि संस्थांचं कौतुक करतात, आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूक पाहून गप्पही बसत नाहीत. संचातली अमेरिका आणि रमाबाईंची अमेरिका शेजारी ठेवून मुलं जे प्रश्न विचारतात, ते कुठल्याही शिक्षकाच्या वहीत सापडत नाहीत.

गुळगुळीत चरित्रं

संत-मिशनरींच्या पातळ, रंगीत पुस्तिका सगळ्यांना आवडतात. स्वस्त असतात, अर्ध्या तासात वाचून होतात. पण त्यातली माणसं जन्मतात, प्रार्थना करतात, यशस्वी होतात आणि देवाघरी जातात. मुलांना हे खोटं वाटतं. ती तोंडावर बोलत नाहीत, एवढंच.

आमच्या गटातल्या एका मुलीने तरुण संघाच्या मेळाव्यात रमाबाईंवर भाषण केलं. बारा वर्षांची, हुशार मुलगी. आईने व्हॉट्सॲपवर आलेल्या एका पुस्तिकेवरून दोन दिवसांत तयारी करून घेतली होती. भाषणात रमाबाई निरक्षर बालविधवा होत्या आणि मिशनच्या बायकांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. मागच्या रांगेत रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या एक आजी बसल्या होत्या. भाषण झाल्यावर त्या काठी टेकत पुढे आल्या, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, आमच्या बाई शास्त्र्याच्या लेक होत्या गं. त्या आल्या तेव्हा पंडिता होऊनच आल्या." मुलगी रडवेली झाली. मला राग आला तो तिच्या घाईच्या तयारीचा, तिचा नव्हे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आधी बायकोला संस्कृत शिकवलं. आईने मुलीला शिकवलं. आईवडील दुष्काळात गेले. भाऊ-बहीण पायी हिंडत पुराण सांगत १८७८ साली कलकत्त्याला पोचले, तिथे तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८०मध्ये लग्न, १८८२मध्ये वैधव्य. त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष. बाप्तिस्मा १८८३मध्ये, इंग्लंडात. हा क्रम उलटा केला की सगळी बाईच बदलते.

म्हणून चरित्र हातात घेतलं की मी आधी त्यात भांडण शोधते. रमाबाईंचं आणि इंग्लंडातल्या वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर्सचं सिद्धांतांवरून पत्रांतून किती वाजलं, हे आहे का? त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवरून पुण्यात वादळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या, हे आहे का? मुलगी मनोरमा आईच्या आधी काही महिने गेली, आणि तरी रमाबाईंनी मरेपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, हे आहे का? नसेल तर ते पुस्तक मी शेल्फवर परत ठेवते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं चरित्र घेताना हीच कसोटी लावा. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं आणि त्या पुढची काही वर्षं कशा वेगळ्या राहिल्या, हे गाळणारी पुस्तकं आहेत. त्यापेक्षा सरळ लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' घ्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना रोज चार पानं मोठ्याने वाचून दाखवा. मूळ मराठीतच. इंग्रजीतून वाचलीत तर लक्ष्मीबाईंचा आवाजच हरवतो, आणि आवाज हेच तर त्या पुस्तकाचं धन आहे.

गोव्याचं पान गाळणं

यावर माझं मत कडक आहे. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून माणसांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. मधली काही वर्षं बंद होतं, तरी अडीचशे वर्षांचा तो काळ. १६८४मध्ये व्हाइसरॉयने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागा असा हुकूम काढला. पालक म्हणतात, हे सांगितलं तर मुलांचा विश्वास डळमळेल. माझा अनुभव उलटा आहे. हे बाहेरून, कुणीतरी टोमणा मारताना पहिल्यांदा कळलं की मूल घरी येऊन विचारतं, "तुम्हाला माहीत होतं का?" त्या प्रश्नाला उत्तर नसतं. बारा वर्षांच्या आत-बाहेर, आईबापांच्या तोंडून, शांतपणे कळलं पाहिजे. आणि त्याच आठवड्यात हेही सांगा की त्याच गोव्यात राहणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सने ओवीत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं, आणि त्यात त्याने मराठीची जी थोरवी गायली ती आजही मराठीच्या वर्गात म्हटली जाते. जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत, सगळ्या कोण वाचतो? पंधरा-वीस म्हणा, चालीवर. मुलांना चाल सापडते.

भीमाशंकरला गेलात तर तिथली मोठी घंटा दाखवा. १७३९च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या हाती लागलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती. मराठी ख्रिस्ती मुलाने त्या घंटेखाली उभं राहून दोन्ही बाजूंचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

बालभारती रद्दीत घालणं

"आम्हाला फक्त ख्रिस्ती इतिहास हवा." नको, असं करू नका. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक घरात हवंच. आपली मुलं याच मातीत खेळतात. शिवाय दोन इतिहास वेगळे नाहीतच. जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकात छापून आला, आणि ज्ञानोदय सुरू झालं १८४२मध्ये नगरला. आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस, शाळेत न जाता परीक्षा देता येणारं मंडळ) दहावी द्यायची असेल, तर किमान वय १४ वर्षं लागतं. सामाजिक शास्त्रे घेतली तर स्वातंत्र्यलढा, राज्यघटना सगळं विचारतात. तेराव्या वर्षी घाईघाईने कोंबण्यापेक्षा आधीपासून वाचलेलं बरं.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते.

बायबलची गोष्टींची पुस्तकं घेताना ती कोणत्या परंपरेची आहेत ते बघा. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंटमध्ये ६६. "यात जास्तीची पुस्तकं घुसवली आहेत" म्हणून एका बाईंनी चांगलं पुस्तक परत केलं होतं.

घरात प्रार्थना मराठीत आणि मुलांचं बायबल फक्त इंग्रजीत, असं करू नका. पवित्र शास्त्राची, म्हणजे मराठी बायबलची, भाषा जड वाटली तर फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा.

सहा वर्षांच्या मुलाला हुतात्म्यांच्या छळाच्या गोष्टी रात्री झोपताना वाचू नका.

चोरीच्या पीडीएफ एकमेकांना पाठवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक आपल्याकडे सगळ्यांसाठी खुलं होतं. रमाबाई १९२२मध्ये गेल्या, लक्ष्मीबाई १९३६मध्ये, म्हणजे त्यांचं लेखन बिनधास्त वाचा. आज हयात असलेल्या, आपल्याच मंडळीतल्या लेखकाचं पुस्तक मात्र दीडशे रुपये देऊन विकत घ्या.

आणि शेवटची, दर जूनला दिसणारी: अख्ख्या वर्षाची पुस्तकं एकदम मागवणं. पंचवीस पुस्तकांचा ढीग बघून मूल घाबरतं आणि आई ऑगस्टपर्यंत थकते. जून ते दिवाळी एवढ्यापुरतं घ्या. भिंतीवरची पट्टी, एक चांगलं चरित्र, पवित्र शास्त्र, बालभारती आणि आजी-आजोबांचा वेळ. दिवाळीपर्यंत पट्टीवर कुठल्या शतकात जास्त खुणा झाल्या आहेत ते बघा आणि पुढची पुस्तकं तिथली मागवा. यादी हवी असेल तर तेव्हा फोन करा, पट्टीसमोर उभं राहून.