पूडल-क्रॉस पिल्लाचे केस: पहिल्या दिवसापासून काय करायचं

नऊ-दहा महिन्यांचा डूडल, म्हणजे पूडल आणि दुसऱ्या जातीचा संकर, माझ्या टेबलावर येतो. वरून बघाल तर केस मोकळे, लाटा पडलेले, हात फिरवावासा वाटेल असे. मी कानामागे अंगठा घालते आणि बोटाला कातडी लागतच नाही. लागतो तो नमदा. लोकरीचा घट्ट, सपाट थर, कातडीला चिकटून बसलेला. मालकीणबाई शेजारीच उभ्या असतात. "अहो, पण मी रोज ब्रश करते," त्या म्हणतात. आणि त्या खोटं बोलत नसतात. रोज करतात, मनापासून करतात. फक्त त्यांचा ब्रश वरच्यावर फिरतो, मुळाशी कधी पोचतच नाही.

ग्रूमिंगच्या, म्हणजे कुत्र्यांचे केस विंचरायच्या-कापायच्या कामात हे मी इतक्यांदा पाहिलंय की पूडल-क्रॉस पिल्लू घेणारं कुणी भेटलं की मी आधीच सांगून ठेवते. हे सगळं टाळता येतं. पण त्याची सुरुवात पिल्लू दहा महिन्यांचं झाल्यावर करून चालत नाही, ते दहा आठवड्यांचं असतानाच करावी लागते.

आधी केस कसे आहेत ते कळू द्या. पूडल हा मुळात पाण्यात पडलेली शिकार उचलून आणणारा कुत्रा. त्याचे केस वाढतच राहतात, आणि मेलेला केस जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर आत मऊ लोकर असते आणि ती गळत असते. पूडल आणि यांच्यापैकी एकाच्या पिल्लात गळणारी लोकर आणि तिला धरून ठेवणारे कुरळे केस, दोन्ही एकाच अंगावर येऊ शकतात. म्हणून कित्येक क्रॉसचे केस शुद्ध पूडलपेक्षाही लवकर गुंततात. एकाच वेतातलं एक पिल्लू सरळ केसांचं निघतं, दुसरं मेंढीसारखं. आई-बापांना बघून अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही.

ॲलर्जीचंही तसंच. ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॅब्रॅडॉर आणि पूडलची जोडी लावली ती हवाईमधल्या एका अंध बाईंसाठी, कारण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने त्या नवऱ्याकडे पाठवले, तर त्रास न देणारं पिल्लू एकच निघालं. ॲलर्जी होते ती लाळेमुळे आणि कातडीच्या कोंड्यामुळे, नुसत्या केसांमुळे नाही. घरात कुणाला दम्याचा किंवा शिंकांचा त्रास असेल तर पिल्लू ठरवण्याआधी त्यानं त्याच पिल्लाजवळ तासभर बसून यावं, एकापेक्षा जास्त वेळा. आणल्यावर परत करायची वेळ आली तर पिल्लाचे हाल होतात.

पिल्लू यायच्या आधी

आठ आठवडे पूर्ण व्हायच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. आणताना आईच्या आणि भावंडांच्या वासाचं एखादं फडकं मागून घ्या, आणि ते तिथे जे खात होतं तेच पहिले काही दिवस द्या. खाणं बदलायचंच असेल तर आठवडाभरात थोडं थोडं मिसळत बदला. विजेच्या वायरी, औषधं, चॉकलेट, द्राक्षं, कांदा, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं काहीही त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी हलवा. झोपायला पिंजरा किंवा कुंपण घातलेला कोपरा करा, दार उघडं ठेवून. एवढं बहुतेकजण करतात. राहते ती केसांची तयारी.

एक जागा ठरवा. कमरेएवढ्या उंचीचं टेबल किंवा ओटा, त्यावर रबरी चटई. पाय घसरला की पिल्लू घाबरतं आणि मग त्या जागेलाच घाबरतं, म्हणून चटई हवीच. आणि एक हात सतत त्याच्या अंगावर ठेवायचा, फोन वाजला तरी काढायचा नाही. टेबलावरून उडी मारून पाय मोडलेली पिल्लं असतात.

सामान फार लागत नाही. मऊ तारांचा एक स्लिकर ब्रश, आणि स्टीलची एक फणी, अर्धी रुंद दातांची, अर्धी बारीक. या दोन्हींतून एकच घ्यायचं असेल तर मी फणीच घेईन, कारण फणी खोटं सांगत नाही. सोबत पिल्लांसाठीचा शॅम्पू, गोल टोकांची छोटी कात्री, नखं कापायचा कटर आणि नखातून आलेलं रक्त थांबवायची पावडर. गाठी कापायची पाती लावलेली अवजारं आणि लोकर ओढून काढणारे रेक आणू नका. सराव नसलेल्या हातात ती कातडी फाडतात आणि केस तोडतात.

पहिले दोन आठवडे: फक्त हात

या दिवसांत केस विंचरायचे नाहीत म्हटलं तरी चालेल. पिल्लाचे केस तेव्हा रेशमासारखे असतात, गुंता होतच नाही. त्यामुळेच लोक गाफील राहतात. पण कुत्र्याच्या पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं ते साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या वयात. म्हणजे पिल्लू तुमच्या घरी येतं तेव्हा त्यातला निम्मा काळ सरलेला असतो. या कुत्र्याला जन्मभर दर दीड-दोन महिन्यांनी कुणीतरी टेबलावर उभं करणार आहे, त्याचा पंजा धरणार आहे, कानाशी केस कापायचं मशीन नेणार आहे. ते त्याला भयंकर वाटणार की रोजचंच, हे पुष्कळसं याच दिवसांत ठरतं.

रोज दोन मिनिटं, ते पेंगुळलेलं असताना. मांडीवर घ्या. कान उचला, आत बघा, खाऊचा कण द्या. पंजा हातात घ्या, बोटं एकेक करून फाकवा, कण द्या. ओठ वर करून दात बघा. शेपटीच्या मुळाशी हात फिरवा, काखेत बोट घाला, हनुवटीखालची दाढी हलकेच धरा आणि सोडा. ग्रूमर तोंडाजवळ कात्री चालवताना दाढीच धरते, म्हणून ही सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हात, मग खाऊ. उलटं केलंत तर पिल्लू खाऊ बघूनच सावध व्हायला शिकतं. अंग आखडलं, जीभ ओठांवरून फिरायला लागली, डोळ्यांतला पांढरा भाग दिसायला लागला, की त्याला नको आहे. तिथे थांबा आणि उद्या थोडं आधी थांबा.

मग फणी, पण पाठीनं. दात न लावता नुसती अंगावरून फिरवा. ब्रशचंही तसंच. मशीन आणि ड्रायरचा आवाज आधी दुसऱ्या खोलीतून ऐकू द्या, खाणं चालू असताना. दिवसादिवसानं जवळ आणा. मशीन बंद ठेवून त्याच्या खांद्याला टेकवा, मग चालू करून लांब धरा, आणि अगदी शेवटी चालू असलेलं मशीन उलट्या बाजूनं अंगाला टेकवा.

माझी स्वतःची कॉकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडलचा संकर), चिंगी, दहा आठवड्यांची असताना पावसात भिजली आणि मी घाईत ड्रायर थेट तिच्या शेजारी लावला. ती थरथरत माझ्या काखेत शिरली. त्यानंतर ड्रायरची वायर दिसली तरी ती खाटेखाली जायची. तिची भीती घालवायला मला आठ महिने लागले, रोज एक पायरी. दहा सेकंदांची घाई होती ती. म्हणून आवाजाच्या बाबतीत मी सगळ्यांना इतकं बजावते.

मुळापासून विंचरणं

पिल्लू घरी आल्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून खरं विंचरणं सुरू करा. पिल्लाला कुशीवर झोपवा. मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करायची, वर जायचं. डाव्या हाताच्या तळव्यानं केस वर दाबून धरा, इतके की खाली कातडीची एक गुलाबी रेघ दिसेल. त्या रेघेच्या खालचे तेवढेच केस ब्रशनं खाली ओढा, मनगट सैल ठेवून, छोट्या छोट्या हातानं. ब्रशच्या तारा आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून बघा. तुम्हाला ओरखडल्यासारखं वाटलं तर त्याला त्याहून जास्त लागतं, आणि एकाच जागी घासत राहिलात तर कातडी लाल होते. तेवढे केस मोकळे झाले की तळव्याखालून बोटभर केस सोडा, नवीन रेघ येते. ती विंचरा. असं करत पाठीच्या कण्यापर्यंत.

मग फणी. रुंद दात मुळाशी टेकवून टोकापर्यंत ओढा, मग बारीक दात. जिथे अडली तिथे ब्रशकडे परत. फणी न अडता मुळापासून बाहेर आली तरच ती जागा झाली.

गुंता होतो त्या जागा ठरलेल्या असतात: कानांच्या मागे, काखा, जांघा, शेपटीचं मूळ, दाढी, बोटांच्या मधे, आणि गळपट्टा किंवा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे. घरात आलं की हार्नेस काढूनच ठेवा. वेळ नसेल त्या दिवशी पाठ सोडा, पण या जागा सोडू नका.

गाठ सापडलीच तर तिच्या आणि कातडीच्या मधे दोन बोटांनी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा आणि बोटांनी गाठ आडवी न ओढता दोन, मग चार भागांत फोडा. त्यानंतर फणीचं टोक, बाहेरच्या बाजूनं आत. कात्री घालू नका. गाठ केसांबरोबर कातडीही वर उचलून घेते, आणि कात्रीच्या पात्यात नेमकं काय आलंय ते दिसत नाही. घरी गाठ कापताना कातडी चिरली गेलेले कुत्रे मी टाके घालायला पाठवलेत.

सहा महिन्यांपासून वर्षभरापर्यंत, काहींचं दीड वर्षापर्यंत, पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात. हा काळ सगळ्यात अवघड. काल मोकळे होते ते आज बांधलेले सापडतात. तुमचं काही चुकलेलं नसतं, आतून दोन प्रकारचे केस एकमेकांत अडकत असतात. या महिन्यांत विंचरणं रोज, किंवा केस आखूड, दीड-दोन सेंटिमीटर. केस लांब आणि विंचरणं आठवड्यातून एकदा, हे जमणारं नाही.

आंघोळ

आंघोळीआधी पूर्ण विंचरून घ्या. गाठ ओली झाली की लोकरीसारखी आवळते आणि मग सुटत नाही. पाणी कोमट, शॅम्पू कुत्र्यांचाच, आणि बोटांत केस चिकट न लागेपर्यंत धुवायचं. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. नंतर वाळवताना मंद वाऱ्यात ब्रश चालूच ठेवा. तसंच ओलं सोडलं तर कुरळ्या केसांत एका संध्याकाळीत गुंता होतो. तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे.

कान लोंबते आणि आत केसाळ, त्यामुळे ओल कोंडते. आंघोळीनंतर कान बाहेरून, दिसतं तिथपर्यंत कोरडा करा. कानकाडी घालायची नाही. आतले केस उपटायचे की नाही हे कान बघून व्हेटला ठरवू द्या. वास येत असेल, तपकिरी मळ असेल किंवा ते सारखं डोकं झटकत असेल तर साफ करत बसू नका, दाखवायला न्या.

नखं दोन-तीन आठवड्यांनी. पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे कापा. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून पापुद्र्यापापुद्र्यानं, आणि कापलेल्या टोकाच्या मधोमध गडद ठिपका दिसला की थांबा. पायाच्या आतल्या बाजूला, वरचं एक नख असतं, ते जमिनीला घासत नाही आणि वळून कातडीत शिरतं. केसांत झाकलेलं असल्यानं ते विसरलं जातं. डोळ्यांपुढचे केस गोल टोकाच्या कात्रीनं, कात्री डोळ्याला समांतर धरून, आणि पिल्लू झोपाळलेलं असतानाच.

ग्रूमरकडे पहिली खेप

लसींबद्दल व्हेटनं हिरवा कंदील दिला की लगेच न्या, बारा ते सोळा आठवड्यांच्या दरम्यान. पहिल्या खेपेला केस कापायचेच असं नाही. आंघोळ, वाळवणं, चेहरा, पंजे, एवढंच करून अर्ध्या-पाऊण तासात घरी. सहा महिने थांबून मग पहिल्यांदा नेलेलं पिल्लू आणि हे पिल्लू, दोघांत टेबलावर जमीन-अस्मानाचा फरक असतो. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी नेत राहा.

सांगताना "टेडी बेअरसारखं करा" म्हणू नका, प्रत्येकीच्या मनातला टेडी वेगळा. अंगाचे केस किती लांब ठेवायचे ते बोटांनी दाखवा, शेपटी आणि कानांचं वेगळं सांगा, कुठे हात लावलेला आवडत नाही तेही सांगा.

आणि ग्रूमरनं फणी लावून दाखवली, "हे मशीननं काढावं लागेल" म्हणाली, तर होकार द्या. नमदा तासन्‌तास ओढून सोडवण्यापेक्षा भादरलेलं अंग कुत्र्याला बरं. खाली कातडी लाल किंवा ओलसर असू शकते, ती आधी दिसत नसते. पहिले दोन-तीन दिवस कानांवर लक्ष ठेवा: नमद्याचा भार उतरला की ते कान जोरजोरात झटकतात, आणि झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते. फुगवटा दिसला तर त्याच दिवशी व्हेटकडे. उन्हात जास्त वेळ ठेवू नका. केस सेंटिमीटरभर आले की फणी घेऊन परत मागच्या पायापासून सुरू करा.