धातूचं थ्रीडी प्रिंटिंग: लेझर असो वा इलेक्ट्रॉन बीम, या चुका टाळा

नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर पट्ट्यातल्या टूलरूमवाल्यांकडून (साचे आणि टूल बनवणाऱ्यांकडून) हल्ली काही तक्रारी हमखास ऐकू येतात. प्रिंट करून आणलेला इन्सर्ट (मोल्डमध्ये बसणारा तुकडा) ज्या प्लेटवर छापला तिच्यावरून काढल्यावर वाकला. कूलिंगचं पाणी पास होत नाही. टॅप मारताना थ्रेड उडाले. दोष लगेच मशीनवर जातो. जॉब नीट तपासला की मात्र बहुतेक वेळा चूक मशीनच्या आधी किंवा नंतर झालेली सापडते: पावडर ठेवण्यात, जॉब प्लेटवर मांडण्यात, नाहीतर पुढच्या कामांचा क्रम चुकण्यात. प्रिंटिंग स्वतः करत असा किंवा बाहेरून करून घेत असा, या गोष्टी ठाऊक हव्यातच, कारण जॉब भंगारात गेला तर पैसे आपलेच जातात.

दोन्ही पद्धतींना एकच फाइल देणं

पावडरचा पातळ थर पसरायचा, हवा तेवढाच भाग वितळवायचा, प्लेट थोडी खाली घ्यायची, पुन्हा थर. इथपर्यंत लेझर आणि इलेक्ट्रॉन बीम या दोन्ही पद्धती सारख्या आहेत. लेझर मशीन आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये चालतं, पावडर साधारण 15 ते 45 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि थर 20 ते 60 मायक्रॉनचा. इलेक्ट्रॉन बीम निर्वातात चालतं, पावडर 45 ते 105 मायक्रॉनची, थरही जाड. शिवाय टायटॅनियमच्या जॉबमध्ये पावडरचा सगळा थर 600 अंश सेल्सियसच्या वर तापवून ठेवलेला असतो. त्यामुळे जॉबमध्ये ताण फार कमी उरतो, पण पृष्ठभाग खरखरीत येतो. लेझरचं उलट: बारकावे छान उतरतात, पण आत ताण ठासून भरलेला असतो.

म्हणून निवड कामावरून करा. खुब्याच्या सांध्याच्या टायटॅनियम कपाला खरखरीत पृष्ठभाग हवाच असतो, कारण हाड त्यात रुजतं. तिथे इलेक्ट्रॉन बीम शोभतो. जीई-9एक्स या विमान इंजिनातली टायटॅनियम ॲल्युमिनाइडची पाती याच पद्धतीने बनतात. हा पदार्थ ठिसूळ असल्याने कमी तापमानात त्याला तडे जातात. प्लॅस्टिक मोल्डच्या मॅरेजिंग स्टीलच्या (भट्टीत कडक होणाऱ्या पोलादाच्या) इन्सर्टला मात्र लेझरच घ्या. आणि लेझरवर टायटॅनियम करायचं असेल तर गॅस आर्गॉनच हवा. नायट्रोजन स्वस्त पडतो म्हणून तो वापरू नका. तापलेलं टायटॅनियम नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं.

पावसाळ्यात पावडरचा डबा उघडा ठेवणं

जून ते सप्टेंबर नाशिकची हवा ओलसर असते, आणि या काळात बिघडलेल्या जॉबमध्ये पावडरचा वाटा मोठा असतो. दमट पावडर ओल्या मिठासारखी गोळा होते, थर सारखा पसरत नाही. ॲल्युमिनियममध्ये तर त्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो आणि कापलेल्या तुकड्यावर बारीक गोल छिद्रं दिसतात. मग लेझरची पॉवर वाढव, स्पीड कमी कर, असे प्रयोग सुरू होतात. ती छिद्रं पॅरामीटरची नाहीत. पावडर वाळवा.

हिवाळ्यातही एक गफलत होते. नाशिकच्या पहाटेच्या थंडीत गोडाऊनमधला डबा गार पडलेला असतो. तो उबदार मशीनरूममध्ये आणून लगेच उघडला की थंड पावडरवर हवेतलं बाष्प बसतं. डबा सीलबंदच आदल्या संध्याकाळी आत आणून ठेवा.

वापरलेली पावडर चाळल्याशिवाय पुन्हा भरू नका. लेझरसाठी सहसा 63 मायक्रॉनची चाळणी चालते. टायटॅनियमची पावडर दर फेरीला थोडा थोडा ऑक्सिजन घेत जाते. टीआय-6एएल-4व्ही या टायटॅनियम मिश्रधातूच्या ग्रेड 5 ला ऑक्सिजनची मर्यादा 0.20 टक्के, तर वैद्यकीय कामाच्या, जास्त शुद्ध अशा ईएलआय ग्रेडला 0.13 टक्के आहे. कोणत्या लॉटची पावडर किती वेळा फिरली याची वही ठेवली नाही, तर ही मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही.

इलेक्ट्रॉन बीममध्ये प्रीहीटची वेळ वाचवणं

इलेक्ट्रॉनांसोबत विद्युतभार येतो. पावडरच्या कणांना तो वाहून न्यायला वाट मिळाली नाही तर कण एकमेकांना ढकलतात आणि क्षणात सगळा थर धुरासारखा उडतो. या प्रकाराला स्मोक म्हणतात. तो टाळण्यासाठीच प्रत्येक थरावर आधी बीम झपाट्याने फिरवून कण तापवून एकमेकांना हलकेच चिकटवले जातात (हेच प्रीहीट), आणि चेंबरमध्ये किंचित हेलियम सोडतात. बिल्ड, म्हणजे एक पूर्ण छपाई, लवकर संपवायला प्रीहीट कमी केलात तर अख्खा बिल्ड हातचा जाऊ शकतो. जॉब झाल्यावरही घाई नको: टायटॅनियमचा चेंबर 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

कूलिंग चॅनलमधली पावडर

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मोल्डच्या आकाराबरोबर वळत जाणारे कूलिंग चॅनल हेच तर प्रिंट केलेल्या इन्सर्टचं खरं आकर्षण. मशीनमधून बाहेर येताना हे चॅनल सैल पावडरने गच्च भरलेले असतात. ती न काढता इन्सर्ट भट्टीत घातला की पावडर आतल्या आत चिकटते आणि मग ना हवा, ना पाणी, ना तार, काहीच उपयोगाचं राहत नाही.

म्हणून भट्टीआधी प्लेट वेगवेगळ्या कोनांत उलटी-सुलटी करून, रबरी हातोडीने ठोकून, व्हायब्रेशन देऊन पावडर बाहेर काढा. एका तोंडातून कोरडी हवा सोडून दुसऱ्या तोंडावर हात धरला की वाट मोकळी आहे का ते समजतं. पण दोन फाट्यांच्या चॅनलमध्ये एक फाटा बंद असला तरी दुसऱ्यातून हवा येत राहते. त्यावर वजनाची तपासणी पक्की आहे: रिकाम्या प्लेटचं वजन आधी घेऊन ठेवा, जॉब साफ केल्यावर प्लेटसकट पुन्हा घ्या, आणि फरक सॉफ्टवेअरने दिलेल्या आकारमानाला, सपोर्ट धरून, धातूच्या घनतेने गुणून येणाऱ्या वजनाशी ताडून पाहा. चॅनलमध्ये पावडर अडकली असेल तर वजन जास्त भरतं. चांगला काटा असलेल्या कोणत्याही टूलरूममध्ये हे जमतं, आणि ते प्रत्येक इन्सर्टला व्हायलाच हवं.

डिझाइनमध्येही काळजी घ्या. आडव्या जाणाऱ्या मोठ्या गोल चॅनलचं छत छपाईत खाली लोंबतं, कारण 45 अंशांहून आडव्या भागाला खालून आधार लागतो आणि आत सपोर्ट टाकला तर तो काढता येत नाही. तिथे वर टोक असलेला थेंबाचा आकार द्या. इलेक्ट्रॉन बीममध्ये असे अरुंद, लांब चॅनल टाळाच. तिथली पावडर आधीच अर्धवट चिकटलेली असते आणि ठोकून निघत नाही.

आधी वायरकट, मग भट्टी

लेझरने केलेला जॉब ताण काढण्याआधी प्लेटवरून कापला की तो तिथेच वाकतो. मग मशीनची अचूकता तपासत बसण्यात अर्थ नाही. मॅरेजिंग स्टीलसाठी क्रम असा ठेवा: पावडर काढा, प्लेटसकट भट्टी, मग वायरकट (तारेने कापून प्लेटवरून सोडवणं), मग व्हीएमसीवर (उभ्या मिलिंग मशीनवर) मशीनिंग, कारण अजून स्टील नरम असतं. शेवटी 490 अंशांवर साधारण 6 तास एजिंग, म्हणजे कडक करण्यासाठी तापवून ठेवणं. कडकपणा 50 ते 54 एचआरसीपर्यंत (कडकपणाचं रॉकवेल माप) जातो. फिनिश ग्राइंडिंग त्यानंतर.

टायटॅनियमचा जॉब नेहमीच्या साध्या भट्टीवाल्याकडे पाठवू नका. निर्वात किंवा आर्गॉनची भट्टी नसेल तर पृष्ठभागावर ऑक्सिजनचा कडक, ठिसूळ थर बसतो आणि तडे तिथून सुरू होतात.

थ्रेड आणि बेअरिंगच्या जागा थेट प्रिंट करू नका. भोक अंडरसाइज ठेवा, मशीनिंगला मटेरियल सोडा, टॅप नंतर मारा. आणि जॉब मांडताना लांब सपाट बाजू रिकोटरच्या, म्हणजे पावडर पसरवणाऱ्या, पात्याला समांतर ठेवू नका. थोडी तिरकी फिरवा, म्हणजे पातं एकदम धडकत नाही.

पाणी, फिल्टर आणि आर्गॉन

टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमच्या पावडरला आग लागली तर पाणी मारू नका, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही वापरू नका; आग आणखी भडकते. धातूच्या आगीसाठीचा क्लास डी एक्स्टिंग्विशर आणि कोरडी वाळू मशीनजवळच ठेवा. सर्वात धोक्याचं काम फिल्टर बदलण्याचं आहे, कारण त्यावर साचलेली काजळी पावडरपेक्षा कितीतरी बारीक असते आणि हवा लागताच पेटू शकते. ते काम नव्या पोराच्या हाती एकट्याने देऊ नका, आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर तर त्या खोलीत आणूच नका.

आर्गॉनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात किंवा फ्लोअरजवळ साचतो. मशीनरूममध्ये ऑक्सिजनचं मीटर लावा, आणि ते डोक्याच्या उंचीवर न लावता खालच्या बाजूला लावा.