आईची पंचाहत्तरी आणि ताजमधली एक रात्र: आधी काय काय ठरवून ठेवायचं

पैसे भरले की खोली मिळते. पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईला त्या खोलीत अवघडल्यासारखं होऊ नये, ही सोय आधी फोन करून आपणच लावून ठेवावी लागते. आयुष्यभर गेटवेपाशी उभं राहून ताजकडे नुसतं बघितलेल्या आईला वाढदिवसाला एक रात्र आत राहायला न्यायचं, असं बऱ्याच घरांत ठरतं. ठरवणारी मुलं हॉटेलांत सरावलेली असतात, आई नसते. म्हणून ही तयारी तिच्या बाजूने लिहिली आहे. आम्ही पुण्याचे, त्यामुळे प्रवास पुण्याहून धरला आहे. नाशिक-कोल्हापूरकरांनी गाडी तेवढी बदलून घ्यावी.

सगळ्यात आधी तारीख. हे हास्यास्पद वाटेल, पण त्या पिढीतल्या कितीतरी जणांचा आधार कार्डावरचा वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच टाकला. घरात वाढदिवस तिथीने होतो आणि हॉटेलच्या कॉम्प्युटरला ओळखपत्रावरची तारीख दिसते. तेव्हा बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा की वाढदिवस अमुक दिवशी आहे, कार्डावर काहीही असो. नाहीतर शुभेच्छांची चिठ्ठी आणि केक यांची वाट बघत बसाल. तारीख थोडी मागेपुढे करता येत असेल तर ३१ डिसेंबर टाळा. गेटवेसमोर गर्दी लोटते, गाडी दारापर्यंत येणं मुश्कील होतं आणि भाडंही अवाच्या सवा असतं. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, सकाळभर दक्षिण मुंबईतले रस्ते अडवलेले असतात. घरातली पुरुषमंडळी ताजमधल्या हार्बर बारमध्ये बसायची स्वप्नं बघत असतील तर त्या दिवशी ड्राय डे नाही ना, हे त्यांचं त्यांनी बघावं.

खोली ठरवताना दोन प्रश्न विचारायचे: पॅलेस की टॉवर, आणि समुद्राकडची की शहराकडची. १९०३ साली उघडलेली घुमटाची जुनी इमारत म्हणजे पॅलेस. शेजारचा उंच टॉवर सत्तरच्या दशकातला. टॉवर स्वस्त पडतो आणि त्यातून समुद्रही दिसतो, पण आईच्या मनातलं ताज म्हणजे घुमटवालं. एकच रात्र राहणार असाल तर दोन खोल्या टॉवरमध्ये घेण्यापेक्षा एक पॅलेसमध्ये घ्या, असं मी म्हणेन. समुद्राकडची खोली पूर्वेला तोंड करून असते. अरबी समुद्र म्हटल्यावर सगळ्यांना सूर्यास्त आठवतो, पण हे बंदर आहे. इथे सूर्य पाण्यावरून उगवतो. त्यामुळे गजर पहाटेचा लावायचा आणि आई तशीही पाचला उठतेच.

भाव विचारताना ईपी की सीपी हे विचारा. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे सकाळच्या नाश्त्यासकट. नाश्ता धरूनच घ्या, कारण आई खाली बसून मेनूतल्या इडलीची किंमत वाचणार आणि ‘मला भूक नाही’ म्हणणार. दिवसाला साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २५,००० ची खोली २९,५०० ला पडते. वेबसाइटवरचा आकडा करासकट आहे की कराविना, हे नीट बघा. खोलीत तिसरं माणूस झोपणार असेल तर तेही आधी सांगा, जादा पलंगाचे पैसे वेगळे असतात.

आता न्हाणीघर. ज्येष्ठ माणसासोबत जाताना माझ्या लेखी खोलीपेक्षा महत्त्वाचं हेच. आलिशान हॉटेलात बाथटब असतो, आणि टबातच शॉवर असेल तर आंघोळीला दर वेळी गुडघाभर कड ओलांडून आत जायचं आणि ओल्या पायांनी बाहेर यायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला हे जमत नाही, आणि ती ते सांगतही नाही. ‘आज अंग पुसून घेतलं’ एवढंच म्हणते. म्हणून फोनवर शब्द नेमके वापरा: वॉक-इन शॉवर हवा, भिंतीला धरायला दांडा हवा, हातात धरायचा शॉवर हवा, आत बसायला स्टूल मिळेल का, आणि न घसरणारी रबरी चटई मिळेल का. जोडीला बादली आणि पाणी घ्यायचा मग मागून घ्या. पंचतारांकित हॉटेलात बादली काय मागायची, असा संकोच करू नका. हाउसकीपिंगला हे रोजचं आहे, पाच मिनिटांत आणून देतात. कमोडजवळ जेट आहे ना, हेही त्याच फोनवर. मिनीबारचा फ्रिज रिकामा करून ठेवायला सांगा. काही हॉटेलांत त्यातली बाटली नुसती उचलली तरी बिलात येते, आणि तुम्हाला तिथे आईचं इन्सुलिन ठेवायचं असतं.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं, आणि मूळ प्रत. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. अमेरिकेहून भाऊ किंवा वहिनी येणार असतील आणि त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल तर तो, शिवाय ओसीआय कार्ड किंवा व्हिसा, हे सगळं हातबॅगेत असू द्या. परदेशी नागरिकाची नोंद हॉटेलला सरकारकडे करावी लागते, मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही.

औक्षणाचा विचार बहुतेक जण आयत्या वेळी करतात. पंचाहत्तर दिवे ओवाळायचे असतील तर तो कार्यक्रम आदल्या रविवारी घरीच उरका, कणकेचे दिवे करून, शेजारपाजारच्यांना बोलावून. हॉटेलच्या खोलीत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं आणि पंचाहत्तर वाती पेटवल्या तर आईच्या आधी सुरक्षारक्षक ओवाळून घ्यायला हजर होतील. खोलीत एक निरांजन लावायचं असेल तरी ड्यूटी मॅनेजरला विचारून लावा. नाहीच म्हणाले तर बॅटरीचा दिवा तबकात ठेवा, आई काही म्हणणार नाही. उदबत्ती मात्र नकोच. तबकात सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, हळद-कुंकू हे सगळं छोट्या डब्यांतून न्या, पण कुंकवाच्या डबीचं झाकण घट्ट लागतंय ना हे घरी दोनदा बघा. पांढऱ्या शुभ्र चादरीवर चिमूटभर कुंकू सांडलं की ते बोटाने झटकावं तेवढं पसरतं, पाण्याने पुसलं की गुलाबी होऊन बसतं, आणि खराब झालेल्या चादरीचे पैसे हॉटेल लावू शकतं. म्हणून पलंगावर बसवून ओवाळायचं नाही. खिडकीजवळ खुर्ची ओढायची, खाली आपला जुना टॉवेल अंथरायचा आणि आईचं तोंड खिडकीकडे करायचं. समुद्राकडची खोली असेल तर आपोआप पूर्वाभिमुख झाली. केसांना लावायचं तेल आणि मेंदी यांनाही हाच नियम.

केक हॉटेलकडूनच घ्या, बाहेरचे खाद्यपदार्थ आणायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. अंड्याशिवाय हवा हे बुकिंगच्या वेळी सांगा, दोन दिवस आधी ईमेलवर लिहा आणि त्या दिवशी सकाळी फोन करून पुन्हा विचारा. तीनदा सांगणं जास्तीचं वाटेल, पण या तिन्ही वेळी तुमच्याशी बोलणारी माणसं वेगळी असतात. केकवर नाव मराठीत हवं असेल तर ते देवनागरीत ठळक लिहून त्याचा फोटो पाठवा. मुंबईतली मावशी-मामी मंडळी केक कापायला येणार असतील तर त्यांना खोलीत बोलावण्याआधी हॉटेलला विचारा. पाहुण्यांचीही ओळखपत्रं बघतात, आणि दहा जण खोलीत मावत नाहीत. त्यापेक्षा त्यांना पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये दुपारच्या चहाला बोलवा. खिडकीजवळचं टेबल आठवडाभर आधी मागून ठेवा. जुन्या काळी इथे मुलगी बघण्याचे कार्यक्रम होत असं सांगतात, मावशीकडे त्यावर बोलायला पुष्कळ असेल.

बॅग भरताना एक शाल वर ठेवा. एसी कमी करता येतो, पण लॉबीचा आणि रेस्टॉरंटचा येत नाही. चपला रबरी तळाच्या, कारण लॉबीतला संगमरवर गुळगुळीत असतो आणि नवीन कोऱ्या चपला घालून आलेली बाई तिथे भिंत शोधत चालते. आईची नेहमीची सुती साडी तिथेही उत्तम दिसते, तिला जरीचं काही नेसायला लावू नका. कपड्यांचा प्रश्न तिचा नसतोच, तिच्या मुलाचा असतो: संध्याकाळच्या जेवणाला अर्धी चड्डी आणि स्लिपर घालून आलेल्याला दारातून परत पाठवू शकतात. लाडवाचा डबा न्या, पण सुरी, सुपारी कातरायचा अडकित्ता असलं काही नको. २००८ नंतर दारात प्रत्येक बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते. हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘माझी पिशवी का बघतायत’ इथूनच दिवसाची सुरुवात व्हायची.

पैशांचं. चेक-इनला भाड्यावर काही रक्कम अनामत म्हणून कार्डावर अडकवून ठेवतात. क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डातून ती खरोखर वजा होते आणि परत यायला काही दिवस जाऊ शकतात. जेवणाची बिलं खोलीच्या नावावर सही करून टाका, म्हणजे टेबलावर पाकीट निघणार नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच तशा सूचना काढल्या आहेत. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा. पण सामान आणणाऱ्या, बादली देणाऱ्या माणसांसाठी शंभराच्या नोटा वेगळ्या काढून ठेवा. आणि ‘किती पडले रे?’ याचं उत्तर सगळ्या भावंडांनी मिळून आधी ठरवा. आकडा कोणताही सांगा, पण सगळ्यांनी एकच सांगा. मी तरी खरा सांगण्याच्या विरुद्ध आहे.

जाताना डेक्कन क्वीन. सव्वासातला पुण्याहून निघते, साडेदहाच्या आत सीएसएमटी. तिथून काळी-पिवळीने अपोलो बंदर, म्हणजे ताज, दोन-अडीच किलोमीटर. पण खोली दुपारी दोनला मिळते, आणि हा मधला वेळ कोणी धरत नाही. लवकर खोली मिळेल का, हे आदल्या दिवशी विचारा. नाही म्हणाले तर सामान बेल डेस्ककडे ठेवून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा. चालत दहा मिनिटांच्या आत येतं, पण आईला टॅक्सीनेच न्या. घारापुरीच्या लाँचचा मोह टाळा: पायऱ्या खूप आहेत, सोमवारी लेणी बंद असतात, आणि ताजमध्ये थकून शिरण्यात काही अर्थ नाही.

खोलीत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं आईला सगळं दाखवण्यात घालवा. कार्ड खाचेत ठेवल्याशिवाय दिवे लागत नाहीत. कोणत्या पाण्याच्या बाटल्या फुकट, कोणत्या विकत. गरम पाण्याचा नळ कोणत्या बाजूला फिरतो. पलंगाशेजारचं कोणतं बटण सगळे दिवे घालवतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला कोणीतरी बेल वाजवून पलंग आवरायला येईल, घाबरायचं नाही. चहासाठी दुधाच्या पावडरीऐवजी ताजं दूध मागवून ठेवा. पावडरीच्या चहाने तिची सकाळ बिघडते.

संध्याकाळी हॉटेलमधल्या पाहुण्यांना जुनी इमारत हिंडून दाखवतात, तेव्हा वेळ विचारून नाव द्या. ही वास्तू आखणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी स्थापत्यकार होते, डी. एन. मिर्झांच्या बरोबरीने; वैद्य मध्येच वारले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. ताज आधीचं आणि समोरचं गेटवे नंतरचं, त्याचं उद्‌घाटन १९२४ सालचं, हे ऐकून बहुतेक जण चकित होतात. मधल्या मोठ्या जिन्याखाली उभं राहून वर घुमटाकडे बघायला आईला वेळ द्या, शक्यतो जवळ खुर्ची असेल अशी जागा बघून. लॉबीत २६/११ ला गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. तिथे फोटो काढायचा नाही, एवढं मुलांना सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आठच्या आत खाली जा, नंतर रांग लागते. खोली बाराला सोडायची आणि परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी ५.१० ला, म्हणजे पुन्हा पाच तास. उशिरा खोली सोडता येईल का, हे रात्रीच विचारा, सकाळी नाही. बिल छापून घ्या आणि मिनीबार, धुलाई, टेलिफोन या तीन ओळी आधी वाचा. उरलेला केक खोक्यात बांधून मागा. तिजोरी उघडून बघा, औक्षणाची अंगठी बहुधा तिथेच असते. टॅक्सी सव्वाचारलाच बोलवा, फोर्टातली ऑफिसं त्यानंतर सुटायला लागतात.